‘विंडोज टाकूनच द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक आणि परवान्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या घरी सुटे भाग आणून महिन्याला चार-पाच संगणक जोडायचे आणि विकायचे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, श्रीलिपी सगळं टाकूनच द्या.’ (श्रीलिपी म्हणजे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर.) यातलं कायदेशीर काय? स्वतःकडे विंडोजचा एक खरेदी केलेला परवाना आहे, त्यावर भागेल का? आणि गिऱ्हाइकानेच लेखी सांगितलं, तर जबाबदारी त्याची होते का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी. एका परवान्यावर एकच यंत्र. आणि गिऱ्हाइकाच्या लेखी संमतीने तुमची सुटका होत नाही, कारण जे द्यायची परवानगी मुळात त्याच्या हातात नाही, ते तो तुम्हाला कुठून देणार?

भारतात संगणक प्रोग्रॅमला कॉपीराइट कायदा, १९५७ खाली ‘साहित्यकृती’ म्हणून संरक्षण आहे. प्रत करण्याचा आणि प्रत विकण्याचा, असे दोन्ही हक्क मालकाचे. तुम्ही हार्डडिस्कवर विंडोज चढवता तेव्हा प्रत होते, आणि तो संगणक विकता तेव्हा ती प्रत विकली जाते. म्हणजे एका व्यवहारात दोनदा परवानगी लागते. कलम ५२ मध्ये कायदेशीर ताबा असलेल्याला सुरक्षित राखीव प्रत काढायची मुभा आहे, ती त्याच्या स्वतःच्या वापरापुरती. ‘माझ्याकडे ओरिजिनल सीडी आहे, मी तिच्यावरूनच टाकतो’ हा युक्तिवाद या कलमाच्या आधाराने टिकत नाही.

परवान्याविना प्रत करून विकणाऱ्याला कलम ६३ लागतं: किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. कलम ६४ खाली फौजदार दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय माल आणि साधनं जप्त करू शकतो. ‘साधनं’ म्हणजे तुमचा पेन ड्राइव्ह, तुमचं स्वतःचं मशीन, टेबलावरचे अर्धवट जोडलेले कॅबिनेट, सगळंच. गिऱ्हाईकही मोकळं नाही. बेकायदा प्रत माहीत असून वापरणाऱ्यासाठी कलम ६३-बी आहे. तिथे ७ दिवस ते ३ वर्षं कैद आहे, मात्र धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. तुम्ही विकताय, त्यामुळे ही सवलत तुमच्या वाट्याला येत नाही. बिलावर ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन ३०० रुपये’ लिहिलंत, तर धंद्यासाठी केल्याचा पुरावा तुम्हीच लिहून दिलात. फुकट टाकून दिलं म्हणूनही सुटका नाही, संगणक खपावा म्हणूनच ते टाकलं होतं.

क्रॅक किंवा अ‍ॅक्टिव्हेटर वापरला, तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-ए वर येऊन बसतं: तांत्रिक संरक्षण मोडण्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. विंडोजचा बनावट स्टिकर लावला तर ट्रेडमार्क कायदाही. दिवाणी बाजू बहुतेकांना ठाऊकच नसते, आणि लहान धंद्याला आडवं करते ती हीच. विकायच्या संगणकांच्या हार्डडिस्कवर परवान्याविना सॉफ्टवेअर चढवून दिल्याच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पावणेवीस लाखांची भरपाई मायक्रोसॉफ्टला देण्याचा हुकूम केला होता. अशा प्रकरणांत बहुधा कुणीतरी साधं गिऱ्हाईक बनून येतं, संगणक घेतं, बिल मागतं आणि निघून जातं. तुमच्याच बिलासह तो संगणक पुढे पुरावा होतो.

आता कामाचं. जोडलेल्या संगणकावर विंडोज द्यायचे सरळ मार्ग मोजकेच आहेत.

पहिला, ओईएम सिस्टीम बिल्डर पॅक, म्हणजे नव्या संगणकावर आधीच चढवून त्याच्यासोबत विकायचं विंडोज. हा खास तुमच्यासारख्यांसाठीच आहे. कंपनी मोठी असायची किंवा कुठे नाव नोंदवायची गरज नाही. जो संगणक जोडून दुसऱ्याला विकतो तो सिस्टीम बिल्डर, आणि पाकिटाचं सील फोडलं की करार मान्य केला असं धरलं जातं. म्हणून फोडण्याआधी तो वाचा. हा पॅक स्वतःच्या वापराच्या संगणकासाठी नाही. विंडोज संगणक विकण्याआधी चढवलेलं हवं. नुसता पॅक सुटा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. सीओए नावाचा प्रमाणपत्राचा स्टिकर कॅबिनेटवर चिकटवायचा. आणि सगळ्यात दुर्लक्षित अट: सपोर्ट तुम्ही द्यायचा. विंडोजबद्दल गिऱ्हाइकाचा फोन मायक्रोसॉफ्टला नाही, तुम्हाला येणार. ओईएम स्वस्त असतो त्यामागे हेही एक कारण आहे, हे गृहीत धरूनच भाव सांगा.

हा परवाना त्या संगणकाला, व्यवहारात त्या मदरबोर्डला, जखडलेला असतो. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड बदललं तर चालतं. बोर्ड बिघडला आणि त्याच जातीचा किंवा समकक्ष बसवला, तरी परवाना टिकतो. ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेट झालं नाही तर सपोर्टशी बोलून होतं. पण गिऱ्हाइकाने वर्षभराने हौसेने नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर बसवला, तर तो नवा संगणक धरला जातो आणि परवाना नवा लागतो. हे विकतानाच सांगा, बिलावर एका ओळीत लिहा. नंतर सांगितलं की भांडण ठरलेलं.

दुसरा मार्ग म्हणजे रिटेल पॅक. महाग, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. हा गिऱ्हाइकाच्या नावाने बिल करून त्याच्या हाती द्या आणि त्याच्या वतीने, शक्यतो त्याच्या समोर, चढवा. अटी त्यानेच स्वीकारायच्या आणि खातंही त्याचंच. त्याच्याकडे आधीचा रिटेल परवाना असेल, तर जुन्या यंत्रावरून तो खरोखर काढला आहे ना ते पाहा. जुन्या यंत्राच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर लिहून, जागा सोडून तिरपी रेघ आणि यू-पी-के (slmgr /upk) दिलं, तर ‘की’, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, तिथून निघते. दोन्हीकडे चालू ठेवली की परवाना एकच आणि प्रती दोन.

तिसरा, ऑपरेटिंग सिस्टीमविना विकणं किंवा लिनक्स घालून विकणं. त्याकडे पुढे येतो.

कंपन्यांना मिळणारा व्हॉल्यूम परवाना हा चौथा मार्ग असल्याचा समज पसरलेला आहे, तो चुकीचा. विंडोजचा व्हॉल्यूम परवाना मुळात अपग्रेड असतो. खाली आधी एक पात्र मूळ परवाना हवा. कोऱ्या असेंबल्ड पीसीवर तो एकटा उभा राहत नाही. दहा पीसी घेणारी संस्था ‘आमच्याकडे व्हॉल्यूम की आहे, तुम्ही फक्त टाका’ म्हणते, तेव्हा हे तिला दाखवून द्या. तुमच्याकडच्या डेव्हलपर किंवा पार्टनर सबस्क्रिप्शनच्या की विकण्यासाठी नसतात, आणि ९० दिवसांची मूल्यमापन आवृत्तीही नाही.

पाचशे-हजारात ‘लाइफटाइम विंडोज ११ प्रो की’ विकणाऱ्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण प्रामाणिक माणसंही इथेच फसतात. पैसे दिले, बिल मिळालं, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालं. मग चूक कुठे? चूक ही की अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे परवाना नव्हे. सर्व्हर फक्त की चालते का ते बघतो, ती तुमच्या हाती कुठून आली ते बघत नाही. या की बहुतेकदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून बाहेर आलेल्या असतात, नाहीतर भंगारात गेलेल्या संगणकांवरच्या ओईएम स्टिकरवरून उतरवलेल्या. सीओएशिवाय नुसती ओईएम की वैध माल नाही. एक दिवस की ब्लॉक होते, सी००३ ने संपणारा एरर येतो, आणि तोवर की विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो. बिलावर तुम्ही ‘ओरिजिनल विंडोज’ लिहिलेलं असेल, तर ग्राहक आयोगापुढे उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

एखाद्या मशीनवर नक्की काय बसलंय ते बघायला वरचीच कमांड, पण यू-पी-केच्या जागी डी-एल-व्ही लावून (slmgr /dlv). जी खिडकी उघडते तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’ आणि ‘प्रॉडक्ट की चॅनेल’ या ओळी वाचा. तुमच्या सिस्टीम बिल्डर पॅकला तिथे ओईएम आणि सीओए ही अक्षरं दिसायला हवीत. ब्रँडेड मशीनला ओईएम-डीएम दिसतं, कारण की बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्येच असते. जोडलेल्या पीसीच्या सुट्या बोर्डात ती नसते. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसलं आणि मालक एखादा किराणा दुकानदार असेल, तर परवाना खरा नाही हे उघड आहे. केएमएस म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं अ‍ॅक्टिव्हेशन, ते १८० दिवसांचं असतं. खऱ्या कंपनीत ते सर्व्हरशी बोलून आपोआप लांबतं. घरच्या मशीनवर बनावट सर्व्हरचा प्रोग्रॅम मागे चालत असतो. अँटिव्हायरसने तो उडवला की गिऱ्हाईक साधारण सहा महिन्यांनी ‘विंडोज गेलं’ म्हणत दारात येतं. आणखी एक खूण: कीची शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी असतील, तर ती प्रोची सर्वसामान्य की आहे. जुन्या विंडोजवरून रीतसर अपग्रेड झालेल्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून परवाना घेतलेल्या मशीनवर ती दिसणं रास्त आहे. यातलं काहीच न केलेल्या कोऱ्या बोर्डवर दिसली, तर कुणीतरी हातचलाखी केली आहे. आणि तुम्ही विकलेल्या पाचही मशीनवर तीच पाच अक्षरं सापडली, तर वेगळ्या पुराव्याची गरजच उरत नाही.

ओईएम पॅक चढवायची रीत. आधी बायोसमध्ये यूईएफआय मोड, सिक्युअर बूट आणि टीपीएम (सुरक्षेची सोय) चालू करा; इंटेलच्या बोर्डवर टीपीएम पीटीटी नावाने असतो, एएमडीवर एफटीपीएम. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो. चढवताना आवृत्ती पॅकवर लिहिलेलीच निवडा. होमचा पॅक आणि चढवलं प्रो, ही नेहमीची चूक. की नाकारली जाते आणि मग माणूस इंटरनेटवर ‘उपाय’ शोधायला लागतो.

फाइली चढून देश विचारणारा पहिला पडदा आला, की तिथे काहीही न भरता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबा. मशीन बंद होऊन चालू होतं आणि ऑडिट मोडमध्ये, म्हणजे खातं न बनवता तयारी करायच्या अवस्थेत, उघडतं. गिऱ्हाइकाच्या वतीने अटी स्वीकारायच्या नाहीत, त्याचं खातं बनवायचं नाही. म्हणून ही वाट. सिसप्रेपची, म्हणजे मशीन गिऱ्हाइकासाठी तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची, छोटी खिडकी समोर येईल, ती तशीच बाजूला सरकवा. ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा आणि नेटची केबल लावू नका. कारण नेट मिळालं की स्टोअरची अ‍ॅप आपोआप अपडेट होतात, ती त्या एका यूजरपुरतीच बसतात, आणि शेवटी सिसप्रेप ‘विंडोजची पडताळणी करता आली नाही’ म्हणून अडतं. अडलंच, तर विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरात पँथर नावाचं फोल्डर असतं. तिथल्या सेटअप-अ‍ॅक्ट लॉगच्या तळाशी कोणत्या अ‍ॅपने अडवलं त्याचं नाव मिळतं. ते अ‍ॅप काढून टाका आणि परत चालवा. दुसरं अडवणारं म्हणजे बिटलॉकर, ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट व्हायचं प्रमाण वाढलं आहे. तसं झालेलं असेल तर आधी ते बंद करून पूर्ण उलगडू द्या.

सिस्टीमच्या माहितीत निर्मात्याचं नाव आणि सपोर्टचा फोन दिसेल अशी नोंद करा; रजिस्ट्रीत त्यासाठी ‘ओईएम इन्फर्मेशन’ नावाची जागा आहे. मग सिसप्रेपमध्ये ‘आउट ऑफ बॉक्स’ निवडायचं आणि शेवटी ‘शटडाउन’. एकाच मशीनचं काम असेल तर ‘जनरलाइज’ची खूण लागत नाही, तयार डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) काढून दुसऱ्या मशीनवर घालायची असेल तरच ती हवी. इमेज एक चालेल, सीओए मात्र प्रत्येक मशीनला वेगळा. बंद झालेला संगणक ‘एकदा बघू तरी’ म्हणून चालू करू नका, नाहीतर गिऱ्हाइकाला दिसायचा पहिला पडदा तुम्हीच वापरून टाकाल. केलाच चालू, तर पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-एफ३ आणि पुन्हा सिसप्रेप.

स्टिकरवरची की चंदेरी थराखाली असते. ब्लेडने खरवडू नका, अक्षरंही निघून येतात. नाण्याच्या कडेने हलक्या हाताने घासा. स्टिकर काचेच्या किंवा सुटणाऱ्या बाजूच्या पत्र्यावर लावू नका. पुढे कुणी पत्रे बदलले की स्टिकर एका कॅबिनेटवर आणि बोर्ड दुसऱ्यात, असं होतं. मागच्या मुख्य सांगाड्यावरची जागा बरी. बारकोडखालचा क्रमांक बिलात लिहा, पॅकच्या खरेदी बिलाची प्रत त्याच्याशी जोडून ठेवा. अधिकृत वितरकाकडून किंवा त्याच्या डीलरकडून आलेलं जीएसटी बिल हीच तुमची खरी ढाल आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत स्टिकर सुटा, बिलाविना मिळत असेल, तर घेऊ नका.

ऑफिसचं गणित वेगळं. एका वेळच्या खरेदीचं ऑफिस एका पीसीला आणि गिऱ्हाइकाच्या खात्याला बांधलं जातं. सोय म्हणून स्वतःच्या ईमेलवर दहा गिऱ्हाइकांचं ऑफिस चढवणारे असेंबलर कमी नाहीत, आणि पासवर्ड बदलला की दहा फोन एकाच दिवशी येतात. टॅली आणि क्विक हीलचंही तेच: नोंदणी गिऱ्हाइकाच्याच ईमेल आणि मोबाइलवर करा. ‘होम अँड स्टुडंट’ नावाचं ऑफिस घरगुती वापरासाठी होतं. ते दुकानाच्या किंवा सीएच्या मशीनवर टाकलं तर खरेदी खरी असूनही वापर अटीबाहेरचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिलीच्या सहा जागा सहा अनोळखी गिऱ्हाइकांना वाटणंही तसंच, त्या एका घरातल्या माणसांसाठी असतात.

‘मोफत’ शब्दाने फसू नका. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर मोफत आहेत ते खासगी वापराला, दुकानाच्या पीसीला नाही. विनरार ४० दिवसांचं चाचणीपुरतं आहे. त्याऐवजी सेव्हन-झिप घाला. व्हीएलसी, लिबरऑफिस आणि मूळ रूपातलं फायरफॉक्स वाटायलाही मोकळी आहेत. अ‍ॅडोबीचं सीएस२ फुकट झालं आहे ही अफवा २०१३ पासून फिरते. अ‍ॅक्टिव्हेशनचे सर्व्हर बंद करताना कंपनीने जुन्या परवानाधारकांसाठी त्या प्रती ठेवल्या होत्या, सगळ्या जगासाठी नाही.

डीटीपीवाल्यांचा प्रश्न आपल्याकडे खास अवघड आहे. पेजमेकर, जुनं कोरल आणि जुनी श्रीलिपी या त्रिकुटावर लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचा अर्धा धंदा उभा, आणि तिन्ही बहुतेक ठिकाणी चोरीची. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. ती विकतच घ्यायला सांगा. नाही परवडत, तर युनिकोडकडे वळवा: विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, आणि ‘मुक्त’, ‘बलू’, ‘नोटो सान्स देवनागरी’ हे टाइप खुल्या फॉन्ट परवान्याखाली आहेत. हे फॉन्ट संगणकाबरोबर द्यायला हरकत नाही. नुसते फॉन्ट सुटे विकायला मात्र त्या परवान्यात मनाई आहे. पण दोन गोष्टी आधी सांगा: श्रीलिपीत केलेल्या जुन्या फाइली युनिकोड फॉन्ट लावून वाचता येणार नाहीत, त्या रूपांतरित कराव्या लागतील, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही, जोडाक्षरांचा चुराडा होतो. लिबरऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस यांत देवनागरी नीट बसते.

विंडोजविना विकणार असाल, तर बिलावर ‘ऑपरेटिंग सिस्टीमविना’ हे शब्द हवेत आणि डिस्क खरोखर कोरी हवी. चाचणीसाठी विंडोज टाकून तसंच सोडून देणं, ‘अ‍ॅक्टिव्हेट केलेलं नाही, म्हणजे ट्रायल’ असं म्हणणं, हे चालत नाही. अ‍ॅक्टिव्हेट न केलेली प्रतही परवान्याविना दिलेली प्रतच. चाचणी पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सवरून करा आणि रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर चालवा. लिनक्स घालूनच देणार असाल, तर ते मिळालं तसंच द्या. बदल करून वर उबुंटूचं नाव ठेवलंत, तर कॉपीराइटचा नसला तरी ट्रेडमार्कचा प्रश्न येतो. कुणीही न पाळणारी एक अट इथेही आहे. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, आणि धंद्यात त्याची प्रत देणाऱ्याने सोर्स कोड सोबत द्यायचा किंवा किमान ३ वर्षं मागेल त्याला देण्याची लेखी हमी द्यायची. बिलामागे तशी दोन ओळींची हमी छापा, आणि त्या आवृत्तीच्या सोर्सची प्रत एखाद्या जुन्या हार्डडिस्कवर ठेवा.

जुने पीसी घेऊन दुरुस्त करून विकत असाल, तर ब्रँडेड मशीनचा ओईएम परवाना मशीनबरोबर नव्या मालकाकडे जातो. बायोसमधली की जुळणारीच आवृत्ती पुन्हा चढवा. त्यातला बोर्ड काढून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये सुटा वापरलात, तर स्टिकर असलेलं रिकामं कॅबिनेट परवाना देत नाही. कंपन्यांच्या लिलावातल्या मशीनवरचं व्हॉल्यूम विंडोज आणि ऑफिस कंपनीकडेच राहतं, ते पुसा. आणि विंडोज ७ च्या स्टिकरवरची की टाकून १० किंवा ११ अ‍ॅक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. विंडोज १० चा मोफत सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेला जुना पीसी ‘ओरिजिनल विंडोजसह’ म्हणून घेताना त्या स्टिकरचे वेगळे पैसे मोजू नका.